तान्ह्या मुलाचें रडें

दिवेलागणीची वेळ झाली, देवापुढें निरांजन लागलें, कीं ज्या घरांत महिना-दीड महिन्याचें तान्हें मूल आहे, त्या घरांतील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. दिवसभर खेळलेलें, पोटभर दूध प्यालेलें मूल एकाएकीं कळवळून रडूं लागतें. तोंड लालबुंद होतें, मुठी वळतात, पाय पोटाशीं घेतले जातात, पोट हाताला टणक लागतें. पाजावें तर पीत नाहीं, निजवावें तर निजत नाहीं. तास जातो, दोन तास जातात. आजी हिंग कालवून बेंबीभोंवतीं लावते, शेजारीण मीठ-मोहऱ्यांनीं दृष्ट काढते, बाप घड्याळाकडे पाहतो आणि आई मुलाबरोबर स्वतःहि रडूं लागते. मग रात्रीं केव्हां तरी मूल आपोआप शांत होतें, व सकाळीं जणूं कांहींच घडलें नाहीं अशा मुद्रेनें हंसतें.

या रडण्यास आपण पोटशूळ म्हणतों. बायका 'पोटांत मुरडतें' असें म्हणतात. इंग्रजींत त्यास 'कॉलिक' असें नांव आहे. हें नांव मोठ्या आंतड्याच्या ग्रीक नांवावरून पडलें. म्हणजे पूर्वेकडे काय अन् पश्चिमेकडे काय, आरोपी एकच धरलेला आहे. तो म्हणजे पोट. हा आरोप कितपत खरा आहे, आणि तो खरा मानून माणसानें आपल्या लेंकरांना आजपर्यंत काय काय पाजलें, हें आज आपणांस थोडक्यांत सांगावें असा माझा हेतु आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, आणि उतारवयांत घरीं नातवाचें रडें ऐकलें, एवढाच माझा अधिकार. पण राजांच्या लढायांना जसा इतिहास असतो तसा रडण्यालाहि असतो, व तो अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.

ही तक्रार आजकालची नव्हे. इ. स. पूर्वीं १५५० च्या सुमारास लिहिलेली एक वैद्यकाची गुंडाळी इजिप्त देशांत सांपडली. ती एबर्स नांवाच्या जर्मन विद्वानाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत फार रडणाऱ्या मुलास शांत करण्याचा एक उपाय दिला आहे : एका वनस्पतीचे दाणे आणि भिंतीवरील माशांची घाण एकत्र करून, गाळून, तें चार दिवस पाजावें. ही वनस्पति म्हणजे अफूचें झाड असा अर्थ पुष्कळ विद्वान करतात. तो बरोबर असेल, तर आजपासून साडेतीन हजार वर्षांपूर्वींच आईच्या हातांत अफू आलेली होती असें म्हणावें लागेल.

आपल्याकडील विचार कांहीं बाबतींत याहून पुष्कळच सूक्ष्म होता. काश्यपसंहिता हा बालरोगांवरील प्राचीन ग्रंथ. तो कित्येक शतकें लुप्तच होता. पुढें नेपाळांत त्याची खंडित ताडपत्री पोथी हातीं लागली, व राजगुरु हेमराज शर्मा यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह तो १९३८ सालीं आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून बाहेर पडला. त्यांत 'वेदनाध्याय' नांवाचें एक प्रकरण आहे. शिष्य विचारतो कीं, ज्यांना वाचाच नाहीं त्या बाळांचें दुखणें वैद्यानें ओळखावें कसें? गुरु एकेक लक्षण सांगतो. कान दुखत असेल तर मूल हातानें कानाला स्पर्श करतें व डोकें हलवितें. पोटांत शूळ असेल तर तें स्तन सोडून देतें, रडतें, उताणें पडतें, त्याचें पोट ताठतें, अंग गार पडतें आणि तोंडावर घाम येतो. श्रोतेहो, मुलाच्या अंगाकडे पाहून त्याचें दुःख वाचण्याची ही दृष्टि मला फार मोलाची वाटते. बालग्रहांची बाधा मानणारे अध्याय सुश्रुतांतहि आहेत, आणि सटवाईची भीति तर घरोघर होती. पण भुताखेतांच्या त्या गर्दींत शांतपणें पाळण्याशीं बसून निरीक्षण करणारा वैद्यहि आपल्याकडे होता, हें विसरतां कामा नये.

घराघरांतून जी चाल टिकली ती मात्र बाळगुटीची. सहाण मांडायची, तीवर हिरडा, वेखंड, मुरडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ यांचे वेढे मोजून उगाळायचे, आणि तें चाटण आईच्या दुधांत कालवून बाळाच्या जिभेला लावायचें. मुरडशेंग दोरीसारखी पिळलेली असते. तेव्हां मुरडा येणाऱ्या पोटाला तीच उतारा, असा या योजनेमागील तर्क दिसतो. या कडू चवीवरूनच 'बाळकडू' हा शब्द निघून आपल्या भाषेंत रूढ झाला. देशभक्तीचें बाळकडू, विद्येचें बाळकडू असें आपण म्हणतों, तेव्हां त्या सहाणेचीच आठवण करीत असतों. आजचे डॉक्टर मात्र सहा महिने होईपर्यंत आईच्या दुधावांचून दुसरें कांहींहि, पाणीसुद्धां, देऊं नये असें सांगतात; कारण सहाण, वाटी, बोट यांवरून जंतु पोटांत जातात, आणि जायफळासारखी वस्तु वेढा चुकला तर मुलास गुंगी आणते.

विलायतेंत १६८९ सालीं वॉल्टर हॅरिस नांवाच्या वैद्यानें मुलांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. मुलांच्या बहुतेक दुखण्यांचें मूळ पोटांतील आम्लांत आहे, असें त्याचें मत होतें. आम्ल मारण्यास खडू, शिंपल्यांची भुकटी, मोत्यांचें चूर्ण असले पदार्थ तो सुचवी. हें मत दीडदोनशें वर्षें टिकलें. खडूनें फार मोठा अपाय झाला नसावा. अपाय झाला तो दुसऱ्याच वस्तूनें.

ती वस्तु म्हणजे अफू. अठराव्या शतकांत इंग्लंडांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' या नांवाचें गोड औषध विकलें जाऊं लागलें. काकवी, सुगंधी मुळी आणि अफूचा अर्क असें तें मिश्रण. पुढें कारखाने निघाले, स्त्रिया तेथें कामाला जाऊं लागल्या, घरीं राहिलेल्या स्त्रियाहि उजाडल्यापासून रात्रीपर्यंत मजुरीचें विणकाम करूं लागल्या, तेव्हां या बाटलीचा खप बेसुमार वाढला. नॉटिंगहॅम शहरांत लेस विणणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना हें औषध कसें पाजतात, याच्या हकीकती १८४० नंतरच्या सरकारी चौकशींत नमूद झाल्या आहेत. अमेरिकेंत मेन संस्थानांतील बँगोर या गांवीं १८४९ सालीं 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' निघालें. त्याच्या जाहिरातींवर प्रसन्न माता आणि गुटगुटीत बालक यांचें चित्र असे. बाटलींत मात्र दर औंसास सुमारें ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन असे. १९०६ सालीं तेथें असा कायदा झाला कीं, औषधांत अफू, मद्य वगैरे असल्यास तें वेष्टणावर छापलेंच पाहिजे. पुढें १९११ सालीं अमेरिकन डॉक्टरांच्या मंडळानें आपल्या एका ग्रंथांत असल्या औषधांना उघडपणें 'बालघातकी' ठरविलें.

अफूनें रडें थांबतें हें खरें. पण कसें थांबतें तें पाहिलें पाहिजे. अफू दुःख नाहींसें करीत नाहीं, दुःखाची जाणीव बधिर करते. तिच्याबरोबर भूकहि बधिर होते, म्हणून मूल दूध मागत नाहीं व वाळत जातें. आंतड्यांची हालचाल मंदावते, मळ सांठतो, पोट पुन्हां टणक होतें. श्वास मंद होतो. मात्रा थोडी अधिक झाली तर तो थांबतो. आणि तान्ह्या मुलाच्या शरीरांतून हें विष फार हळू बाहेर पडत असल्यामुळें काल दिलेल्या मात्रेवर आजची मात्रा चढते. संवय लागलेलें मूल गोळी न मिळाल्यास पूर्वींपेक्षां अधिक रडतें, मग आई पुन्हां गोळी देते. जें रडें थांबवावयाचें तेंच या उपायानें वाढतें.

हें सारें विलायतेंत घडलें असें समजून आपण हात झटकूं नयेत. आपल्या मुंबईंत परळ-लालबागच्या चाळींतून 'बाळगोळी' विकली जात असे, आणि तिच्यांत अफू असे. गुटी आणि गोळी यांत उच्चाराचें अंतर थोडें, परिणामाचें मात्र जमीन-अस्मानाचें! गिरणीच्या रीळ-खात्यांत काम करणारी बाई पहांटे उठून भाकरी थापी, मुलाला पाजी, आणि त्याच्या तोंडांत गोळी घालून भोंग्याबरोबर बाहेर पडे. १९११ च्या कायद्यानें स्त्रियांना दिवसाचे अकरा तासपर्यंत काम करावें लागे. तेवढा वेळ मूल गुंगींत पडून राही. त्यास सांभाळणारी एखादी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची बहीण. मुंबई सरकारनें १९२१ सालीं गिरण्यांतील बायकांच्या बाळंतपणाची स्थिति तपासण्यासाठीं डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरची नेमणूक केली. त्या चौकशींत असें आढळलें कीं, गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकीं अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. श्रोतेहो, शंभरांत अठ्ठ्याण्णव! एका वर्गांतील शंभर मुलांची हजेरी मीं कित्येकदां घेतली आहे. म्हणून हा आंकडा वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें आंकडा राहिला नाहीं, बांकावर बसलेलीं मुलें उभीं राहिलीं.

या बायकांना क्रूर म्हणणें सोपें आहे, आणि सुशिक्षित माणसांनीं तसें म्हटलेंहि. पण मूल बरोबर नेण्यास गिरणींत जागा नव्हती, घरीं राहावें तर पगार नव्हता. औषध अज्ञानानें दिलें जाई हें खरें, पण त्या अज्ञानाची गरज कोणी निर्माण केली? या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें द्यावें लागलें. मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२८ सालीं बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याचा पुरस्कार केला. आणि १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत तो कायदा झाला. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत या अफूचा उल्लेख केला आहे. मुलाचें रडें शमविण्यास कधीं कधीं औषधाऐवजीं आईस रजा द्यावी लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

ज्या नॉटिंगहॅमचा मघां उल्लेख केला त्याच शहरांत विल्यम वुडवर्ड नांवाच्या औषध-विक्यानें १८५१ मध्यें 'ग्राइप वॉटर' तयार केलें. त्यांत शेपूचें तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडें मद्य असे. आपल्या बाळंतशेपेची आणि हॅरिसच्या आम्लनाशक उपायांची ही एक प्रकारें सोयरीकच होय. या औषधाचें मोठें पुण्य असें कीं त्यांत अफू नव्हती. मद्याचें प्रमाण शेंकडा ३.६ होतें, आणि ब्रिटनमध्यें तें १९९२ च्या सुमारास काढून टाकण्यांत आलें. हिंदुस्थानांत ही बाटली पोंचली ती अशी कीं मध्यम वर्गांतील कपाटांत देवाच्या तीर्थासारखी तिची जागा ठरून गेली. मुलें ती घेऊन क्षणभर गप्प होत यांत नवल नाहीं. गोड थेंब जिभेवर पडला कीं तान्हें मूल थोडा वेळ शांत होतें. पण या पाण्यानें रडण्याचा रोग बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

आतां खरा प्रश्न : हें रडें आहे तरी काय? याचें मोजमाप व्हावयास १९५४ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील न्यू हेवन येथें डॉ. मॉरिस वेसेल व त्यांचे सहकारी यांनीं ९८ मुलांच्या आयांकडून रडण्याची रोजनिशी ठेवविली. त्यावरून त्यांनीं तीनाचा नियम बसविला : निरोगी व पोटभर पिणारें मूल दिवसांतून तीन तासांहून अधिक, आठवड्यांतून तीन दिवसांहून अधिक, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ असें रडत असेल तर त्यास हें नांव द्यावें. १९६२ सालीं डॉ. ब्रेझल्टन यांनीं ८० मुलांच्या रोजनिशा तपासल्या. त्यांना असें दिसलें कीं, सामान्य मुलेंहि दुसऱ्या आठवड्यापासून अधिकाधिक रडूं लागतात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत रडें पोंचतें, तें बहुधा संध्याकाळीं असतें, आणि नंतर उतरत जाऊन तीन-चार महिन्यांनीं ओसरतें. समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणें या रडण्याला चढ-उतार आहे. कांहीं मुलांची भरती मोठी असते इतकेंच.

मग पोटाचें काय? क्षकिरणांनीं तपासणी केली तेव्हां रडणाऱ्या मुलांच्या पोटांत विशेष वायु आढळला नाहीं. मूल रडतांना हवा गिळतें, म्हणून रडून झाल्यावर पोट फुगतें व वारा सरतो. आपण परिणामालाच कारण समजत आलों. आईचें दूध पिणारीं मुलें रडतात तशींच बाटलीचें दूध पिणारींहि रडतात. वायुनाशक म्हणून दिल्या जाणाऱ्या सिमेथिकोनचे थेंब १९९४ सालीं तपासले, ते नुसत्या नांवापुरत्या थेंबांहून सरस ठरले नाहींत. आंतड्यांची कळ थांबविणाऱ्या डायसायक्लोमीन या औषधानें तर कांहीं तान्ह्या मुलांचा श्वास अडखळला, म्हणून सहा महिन्यांच्या आंतील मुलास तें देऊं नये असें ठरलें. आंतड्यांतील उपकारक जंतु, गाईच्या दुधाचें न सोसणें, अद्याप न स्थिरावलेली मज्जासंस्था, अशीं कारणें आज विचारांत आहेत. थोड्या मुलांना त्यांपैकीं एखादें लागूहि पडतें. पण सर्वांना लागू पडेल असें एक कारण हातीं आलेलें नाहीं.

येथें मला एक घरगुती कबुली दिली पाहिजे. नातू दीड महिन्याचा असतांना रोज सायंकाळीं रडे. बायकामंडळींनीं सुनेची डाळ बंद केली, वांगें-कोबी बंद केला, अखेर ती तूपभातावर आली आणि वाळली. मीं तिला वडीलकीच्या सुरांत सांगितलें, "मुली, पोराला सारखें कडेवर घेतेस म्हणून ही संवय लागली आहे. थोडें रडूं दे." ती कांहीं बोलली नाहीं, पण त्या रात्रीं पाळण्याजवळ बसून ती हात आवरून घेत असलेली मीं पाहिली.

पुढें या विषयावर वाचतांना माझी चूक मला उमगली. १९८६ सालीं कॅनडांतील माँट्रिअल येथें हुंझिकर आणि बार या डॉक्टरांनीं कांहीं आयांना सांगितलें कीं मूल रडो वा न रडो, रोज सुमारें तीन तास अधिक अंगाशीं धरून हिंडवा. सहाव्या आठवड्यांत तीं मुलें इतर मुलांपेक्षां शेंकडा ४३ नें कमी रडलीं. आफ्रिकेंतील कलहारीच्या रानांत राहणारे कुंग लोक मुलाला जवळजवळ सारा दिवस अंगावर वागवितात व तासांतून अनेक वेळां पाजतात. तेथेंहि पहिल्या कांहीं महिन्यांत रडण्याची भरती येतेच, परंतु एकूण रडें निम्म्याच्या आसपास असतें. रडें मुळांतच फार असलेल्या मुलांवर हाच प्रयोग पुढें केला तेव्हां मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. म्हणजे कडेवर घेणें हें रामबाण औषध नव्हे. परंतु त्यानें मूल बिघडत नाहीं, एवढें निश्चित. मीं सुनेची क्षमा मागितली. नातू चौथ्या महिन्यांत आपोआप शांत झाला; त्याचें श्रेय ना माझ्या उपदेशाला, ना तिच्या तूपभाताला.

मग करावें तरी काय? मूल भुकेलें नाहीं, ओलें नाहीं, कपड्यांनीं करकचलेलें नाहीं हें आधीं पाहावें. पाजल्यावर खांद्यावर उभें धरून ढेंकर काढावी. दिवा मंद करावा, गलबला थांबवावा, छातीशीं धरून संथपणें फेऱ्या घालाव्या, हलक्या आवाजांत ओंवी म्हणावी. झोंप लागल्यावर मूल पाठीवर निजवावें. आईचें खाणें तोडूं नये. एखादा पदार्थ वर्ज्य करावयाचा तर तो डॉक्टरच्या सल्ल्यानें. आणि दोन घटका तरी मूल दुसऱ्या कोणीं घ्यावें. संताप अनावर झाला तर मूल सुरक्षित जागीं ठेवून खोलीबाहेर जावें, पण त्यास कदापि गदगदां हलवूं नये. तेवढ्यानेंहि तान्ह्याच्या मेंदूंत रक्तस्राव होऊन प्राण जाऊं शकतो.

उलट, ज्वर आला, हिरवी वांती झाली, शौचांत रक्त दिसलें, मूल पीत नाहींसें झालें, मलूल पडलें, जांघेंत सूज आली किंवा वजन वाढेनासें झालें, तर तें हें रडें नव्हे. तेथें हिंग लावीत न बसतां तात्काळ डॉक्टरकडे जावें.

श्रोतेहो, साडेतीन हजार वर्षें आपण या रडण्याला औषध शोधीत आहों. त्या शोधांत आपण माशांची घाण पाजली, खडू पाजला, अफू पाजली, आणि कांहींच लागू पडलें नाहीं तेव्हां आईला दोष दिला. काश्यपाच्या शिष्यानें विचारलेला प्रश्न अद्यापि पुरता सुटलेला नाहीं. परंतु आज संध्याकाळीं आपल्या शेजारच्या बिऱ्हाडांतून असें रडें ऐकूं आलें, तर भिंतीवर हात आपटूं नका व सल्लाहि देऊं नका. दार ठोठावून त्या माउलीला म्हणा, "द्या इकडे बाळ, तुम्ही दोन घास खाऊन घ्या."